लसणाच्या वाफ्यावरचं घर

तपासनीस बाई दहाला येणार होती आणि प्रमिलाने सकाळपासून अंगण झाडायला घेतलं होतं. अंगण म्हणजे पत्र्याच्या शेडपुढची खडीची मोकळी जागा. पण नॉर्थ यॉर्कहून राहायला आल्यापासून प्रमिलाने त्या जागेला अंगण म्हणायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात पुतण्या ओजसही म्हणायला लागला.

"अगं, खडी झाडून काय निघणार?" ओजसची आई पद्मजाबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही तुमची पावलं काढा. पाहुणी येणार म्हटल्यावर दार तरी झाडलेलं हवं."

"पाहुणी नाही ती. तपासनीस आहे."

"मग तर दोनदा झाडायला हवं!"

पद्मजाबाई हसल्या आणि तुळशीपुढे पाटावर टेकल्या. हातात तांदळाच्या पिठाची वाटी. चातुर्मासातली गोपद्मं, गाईच्या खुराच्या आकाराची छोटी छोटी पांढरी पावलं, रोज तेहेतीस काढायची. हे पाचवं वर्ष, म्हणजे कार्तिकात उद्यापन. खरं तर हे व्रत त्यांनी आधीही एकदा धरलं होतं. पण तिसऱ्या वर्षी त्यांचे यजमान नाना इस्पितळात गेले, ते परत आलेच नाहीत, आणि त्या गडबडीत खंड पडला. वर्ष सरल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

तुळस इथे शेतावर होती, कारण पार्कात तिला जागा नव्हती. नानांनी व्हँकुव्हरजवळचं सरीचं घर विकून ओजसला हे शेत घेऊन दिलं आणि दोघं नवराबायको दहा मिनिटांवरच्या मोबाईल होम पार्कात, उचलून नेता येणाऱ्या घरांच्या वसाहतीत, राहायला गेले, तेव्हापासूनचा हा प्रकार. घर स्वतःचं, पण खालची जमीन पार्कवाल्याची. पायरीवर कुंडी ठेवायची नाही. दाराचा रंग विचारल्याशिवाय बदलायचा नाही. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. पद्मजाबाईंनी सगळं निमूट पाळलं. नियमांचं त्यांना कधी ओझं वाटलं नाही, नियम पाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण आता पार्कवाल्याला तिथे टाउनहाउस उठवायची होती आणि पार्क बंद होणार होता. सरकारने नुकताच कायदा कडक केला होता. राहणाऱ्यांना आधीपेक्षा जास्त मुदत आणि जास्त भरपाई द्यावी लागणार होती. तरी मुदत म्हणजे मुदतच. कधीतरी ती संपणार होती.

पीठ चिमटीत धरताना पद्मजाबाई थबकल्या. कालची पावलं तशीच होती. एरवी उन्हं वर यायच्या आत मुंग्यांची रांग लागायची. शेडच्या कोपऱ्याला लागून सुनेचा, गौरांगीचा लसणाचा वाफा, आणि त्यात मुंग्यांचं वारूळ. तिथून त्या यायच्या आणि संध्याकाळपर्यंत पावलं उचलून न्यायच्या. म्हणून तर पद्मजाबाई रांगोळीची पूड न वापरता पीठ वापरायच्या. व्रतही व्हावं, मुंगीच्या तोंडी घासही पडावा.

'गारवा पडला वाटतं,' असं मनाशी म्हणून त्यांनी कालची पावलं पदराने हलकेच पुसली आणि नवी काढली.

ओजस चहाचा मग घेऊन बाहेर आला. मागून गौरांगी, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत. मिसिसागात जन्मलेली मुलगी. व्हँकुव्हरला मातीचं शिक्षण घेतलं आणि मातीतच शिरली. आज तिचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरीसारखा झाला होता.

"आजचा दिवस नीट गेला की झालं," ओजस म्हणाला. "तीन वर्षं फवारा नाही, विकतचं खत नाही. राबायचं ऑरगॅनिकवाल्यांसारखं आणि विकायचं साध्या भावाने, का तर सर्टिफिकेट नाही. सरकार म्हणतं ऑरगॅनिक करा. मदतीची घोषणा ऐकू येते, मदत पोचेपर्यंत पीक निघून गेलेलं असतं."

"सरकारं सगळीकडची एकाच आईची लेकरं," प्रमिला म्हणाली. "पण ओजस, मला आधी तुझ्या आईचं सांग. पार्क बंद झाल्यावर कुठे जायचं त्यांनी? मी काय म्हणते, आमच्या नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत एक खोली रिकामी आहे. खाली ग्रोसरी, समोर सबवे. आमच्या शेजारच्या लताला सांगितलं, माझी मोठी जाऊ पार्कात राहते, तर तिच्या डोळ्यांसमोर बाकड्यावर पेपर पांघरून झोपलेली माणसं आली!"

"काकू, घर इथे आणायचं ठरलंय," ओजस म्हणाला. "शेतजमिनीवर आईवडिलांसाठी मोबाईल होम ठेवायला आज परवानगी मिळते. पण नियम बदलणार असं चाललंय. एकदा बदलला की संपलं. या हिवाळ्याच्या आत घर इथे उभं राहायला हवं."

"ठरलंय?" गौरांगी हळूच म्हणाली. "कुठे ठेवायचं ते ठरलंय का?"

जागा एकच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विहीर, वीज आणि रस्ता तिन्ही जिथे जवळ येतात, तो शेडचा कोपरा. लसणाचा वाफा. नदीने कधीकाळी आणून टाकलेला काळा गाळ, त्यावर गौरांगीने तीन वर्षं कुजवलेली पानं. ती माती तिने पोटच्या पोरीसारखी वाढवली होती.

"आई, मी नाही म्हणत नाहीये," गौरांगी म्हणाली. "फक्त... तेवढा एक तुकडा नको ना. कॉन्डोचा तरी विचार करून बघा. विंटरमध्ये तुम्हाला तिथे बरंच पडेल."

पद्मजाबाईंनी मान हलवली. सुनेचा त्यांना राग आला नाही. पण जिच्यापुढे वाकून आपण रोज पावलं काढतो ती तुळस कॉन्डोच्या सोळाव्या मजल्यावर कशी जगेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. आणि नानांच्या हाताने बसवलेलं ते लाकडी देवघर.

तेवढ्यात गाडी आली.

हेदर नावाची ती बाई साठीची असावी. पांढरे केस, उन्हाने रापलेला चेहरा. उतरल्या उतरल्या तिने बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, दुसऱ्या शेतातली माती या शेतात येऊ नये म्हणून. प्रमिला पोह्यांची बशी घेऊन पुढे झाली. हेदर गोड हसली, पण घेतले नाहीत. तपासणीच्या दिवशी शेतकऱ्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा तिचा नियम.

"पाणी तरी घ्या म्हणावं," प्रमिला म्हणाली.

"पाणी तिने स्वतःचं आणलंय," ओजस म्हणाला.

"अगंबाई! पायाला पिशव्या, पाणी घरचं. वहिनी, ही तर तुमच्याहून सोवळ्याची निघाली!"

सगळे शेतातून चालू लागले. पुढे हेदर आणि गौरांगी, मागे ओजस, आणि सर्वांत मागे या दोघी जावा. समोर चीमचा डोंगर निरभ्र आभाळात उभा होता. माथ्यावर नव्या बर्फाची एक रेघ. हेदर दर थोड्या अंतरावर थांबायची. शेजारच्या मक्याच्या शेतातून वाऱ्याने फवारा इकडे येतो का, कुंपणाचे खांब कसल्या लाकडाचे, बी कुठून आणलं, असं विचारायची. गौरांगी उत्तरं द्यायची, आणि हळूहळू तिचा आवाज मोकळा होत गेला.

भोपळ्यांच्या शेवटच्या ओळीपाशी हेदरने फावडं मागितलं, एक ढेकूळ उपसलं आणि दोन्ही तळव्यांवर घेतलं. ते फोडलं, तर आत गांडुळं, पांढरी मुळं, काळा ओलावा. तिने डोळे मिटले आणि मातीचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग न बोलता तळवे पद्मजाबाईंपुढे केले.

पद्मजाबाई वाकल्या. पाऊस, कुजकी पानं, कुठेतरी खोल थोडा गोडवा. देवघरातल्या ओल्या चंदनाची त्यांना आठवण झाली. अंगावर काटा आला. कोण कुठला हा देश, कोण कुठलं सरकार. आणि त्याने कायद्यात लिहून ठेवावं, की मातीला आधी तीन वर्षं निर्मळ राहू द्या, तिच्यावर काही लादू नका, आणि मगच तिला शुद्ध म्हणा! हे तर व्रतच. गौरांगीने धरलेलं, मातीने पाळलेलं. आणि ही पांढऱ्या केसांची बाई उद्यापनाला आलेली सवाष्ण. इतके दिवस सुनेने कधी उपास केला नाही, कधी हळदीकुंकू केलं नाही, याची त्यांना मनातून थोडी रुखरुख होती. आज त्या पोरीच्या पाठमोऱ्या बुटांकडे बघताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हिच्याएवढं कडक व्रत घरात कोणी केलं होतं?

फिरत फिरत सगळे शेडपाशी आले. तुळशीपुढची पावलं बघून हेदर थांबली.

"इट्स रांगोळी," ओजस अभिमानाने म्हणाला. "राइस फ्लार. माय मॉम डझ इट एव्हरी मॉर्निंग."

"ब्यूटिफुल," हेदर म्हणाली आणि नीट बघायला खाली बसली. पद्मजाबाईही बघू लागल्या, आणि त्यांच्या नजरेने पावलं ओलांडली.

पावलांच्या पलीकडे एक पांढरी रेघ होती. कुंडीच्या भोवती, तिथून खडीवरून, थेट लसणाच्या वाफ्यात शिरलेली. ती त्यांच्या हातची नव्हती. सकाळी पावलांच्या नादात तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे मुंग्या पडल्या होत्या. निपचित, पाय आखडलेल्या. शेकडो.

कालची पावलं तशीच का राहिली, ते आता कळलं.

"प्रमिला," त्या मराठीत, अगदी हळू म्हणाल्या, "हे काय आहे गं?"

प्रमिला पुढे आली. "मुंग्यांचा खडू. भारतातून आणलेला. वहिनी, मेल्या रोज तुमची पावलं खाऊन टाकत होत्या. म्हटलं, तुमचं व्रत मोडायचं. म्हणून परवा रेघ ओढली. आणि... वारुळातही एक कुस्करून टाकला."

गौरांगीने ऐकलं. ती वाफ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"आई," ओजस ओठ न हलवता मराठीत म्हणाला, "आत्ता काही बोलू नकोस. तिला सगळं पांढरं सारखंच दिसतंय. ती गेली की मी माती काढून टाकतो. गौरी, तूही नको. प्लीज. तीन वर्षं आहेत ही."

हेदर वर बघत होती. चेहऱ्यावर अजून मघाचंच हसू. तिला खरंच काही कळलं नव्हतं. गप्प राहिलं तर कळणारही नव्हतं. पद्मजाबाईंनी सुनेकडे पाहिलं. गौरांगीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तिने डोळ्यांनी ना हो म्हटलं, ना नको. सगळं सासूवर सोडून दिलं.

गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं म्हणता आलं असतं. पण उद्या सकाळी चिमटीत पीठ धरायचं होतं. कुठल्या तोंडाने?

त्या हेदरशेजारी खाली बसल्या. इंग्रजी त्यांचं बेताचंच. पण सावकाश बोललं की पुरायचं.

"ही पावलं माझी," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "तांदळाचं पीठ. आणि ही रेघ आमच्या घरातल्याच माणसाच्या हातची. माझ्यावरच्या मायेने ओढलेली. पण ते विष आहे. तिथे मातीतही आहे. माझ्या सुनेला माहीत नव्हतं."

हेदरचं हसू मावळलं. तिने रेघ पाहिली, मुंग्या पाहिल्या, वारूळ पाहिलं. उठून वाफ्याभोवती एक फेरी मारली आणि मग बराच वेळ लिहीत राहिली. प्रमिलाचे ओठ पुटपुटत होते. बहुतेक रामरक्षा.

"हा खडू या देशात विकायलाही बंदी आहे," हेदर शेवटी म्हणाली. "निकाल माझ्या हातात नसतो. मी फक्त पाहते आणि लिहिते. हा कोपरा मात्र धरता येणार नाही. त्याची तीन वर्षं आजपासून पुन्हा सुरू. बाकीच्या शेताबद्दल जे पाहिलं ते लिहीन." थोडं थांबून तिने पद्मजाबाईंकडे बघितलं. "आणि हे मला कोणी सांगितलं, तेही लिहीन."

जाताना तिने गौरांगीचा हात दोन्ही हातांत धरला. गाडी वळणाआड गेली आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम फुटलं.

"मीच करंटी!" प्रमिला खडीवर मटकन बसली. "भलं करायला गेले आणि पोरीचं सोनं मातीत घातलं!"

"आई, काय गरज होती?" ओजस म्हणाला. "एका वाक्यात सगळं..."

"गरज होती," गौरांगी म्हणाली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "मला बोलायचं होतं आणि तोंडच उघडेना. आईंनी सांगितलं नसतं ना, तर मी उद्यापासून कुठल्याही खोक्यावर ऑरगॅनिकचं लेबल लावू शकले नसते."

प्रमिलाने पदराने नाक पुसलं. रडतानाही तिचं डोकं चालू होतं.

"मग आता असं करा ना. तो कोपरा तीन वर्षं असाही बाद झाला. वहिनींचं घर तिथेच ठेवा!"

"काकू!" गौरांगी एकदम उसळली. "म्हणजे सोयीचंच झालं की! आधी विष टाकायचं आणि मग..."

"अगं, तसं नाही गं बाई! माझ्या तोंडाला कोणी कुलूप घाला."

"प्रमिला, पुरे," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. म्हणूनच तो ऐकू आला की सगळे थांबत. "घर तिथे येणार नाही. माझ्या घराला जागा हवी म्हणून ती माती बाटली, असं कोणाच्या मनात यायला नको. मी येईन नॉर्थ यॉर्कला. तुळस ओजसकडे राहू दे."

एवढं बोलून त्यांनी केरसुणी घेतली आणि खडीवरची रेघ गोळा करायला वाकल्या. गौरांगीने केरसुणी त्यांच्या हातून घेतली, कुठूनशी हातमोजे घेऊन आली आणि स्वतः वाकली. दोघी बराच वेळ तशाच. एक झाडत होती, दुसरी सुपलीत भरून घेत होती. मेलेल्या मुंग्या पद्मजाबाईंनी वेगळ्या काढल्या.

"आई," गौरांगी झाडता झाडता म्हणाली, "नाना गेले तेव्हा तुमचं व्रत मोडलं होतं ना?"

"हो."

"मग काय केलंत?"

"पुन्हा पहिल्यापासून."

"आणि आधीची वर्षं? ती वाया?"

पद्मजाबाईंनी विचार केला. असं कोणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. "वाया जात नाहीत गं. मोजली जात नाहीत एवढंच. हाताला वळण पडलेलं असतं ना, ते कुठे जाईल?"

गौरांगी उठली. वाफ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. चीमच्या माथ्यावरचं बर्फ उन्हात इतकं झगझगत होतं की बघवत नव्हतं.

"तुमच्या घराला पाया खणावा लागत नाही ना?"

"नाही. ठोकळ्यांवर बसतं. खणायला परवानगीच नाही म्हणतो ओजस."

"म्हणजे घर उचललं की माती जिथल्या तिथे." ती वळली. "नांगर नाही, ट्रॅक्टर नाही. विषाचा वरचा थर मी काढते. खालच्या मातीला तुमच्या घराखाली बसू दे, आई. पुन्हा पहिल्यापासून. तिच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच की. आणि ते काम मी काकूंना देणार नाही!"

प्रमिला रडता रडता हसली. पद्मजाबाईंनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला पीठ होतं. तिच्या काळ्या जॅकेटवर पांढरी पाची बोटं उमटली.

निकाल ऑक्टोबरात आला. कोपरा वगळून सगळं शेत ऑरगॅनिक. आणि त्याच महिन्यात, मेपलची पानं लालभडक झाली असताना, घर निघालं.

त्या सकाळी पद्मजाबाईंनी पार्कातल्या घरात, देवघरापुढच्या जमिनीवर शेवटची गोपद्मं काढली. ही घराबरोबर रस्त्यावरून जाणार, की वाटेतच पुसली जाणार, त्यांना काही उमगेना. देव टोपलीत घेतले, दार ओढलं आणि ओजसच्या गाडीतून पुढे येऊन शेताच्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

प्रमिला अजून गेली नव्हती. "प्रायश्चित्त होईतो हलणार नाही," असं तिने नवऱ्याला फोनवर ठणकावलं होतं. शाळेला दांडी मारून ओजसची मुलगी ईशिता कुंपणावर चढून बसली होती.

आधी पिवळा दिवा लावलेली गाडी दिसली. मग वळणावर, मक्याच्या वाळल्या शेताच्या वर, एक छप्पर सरकताना दिसलं. नंतर खिडकी. खिडकीत नानांनी लावलेला पडदा. अख्खं घर रस्त्याने येत होतं, सावकाश, झुलत, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीसारखं. समोरून येणारे ट्रक कडेला थांबले. शेजारचा डच म्हातारा ट्रॅक्टरवरून उतरला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आज्जी! युअर हाउस इज वॉकिंग!" ईशिता ओरडली.

पद्मजाबाईंचे हात आपोआप जुळले. आयुष्यभर माणसं घरात शिरताना त्यांनी पाहिली होती. नवी नवरी, बाळ, पहिल्यांदा घरी आलेला जावई. घरच दाराशी येऊन उभं राहिलेलं त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

फाटकाशी ट्रक थांबला. "थांबा, थांबा!" प्रमिलाने ड्रायव्हरला हात दाखवला आणि गौरांगीला पुढे ढकललं. गौरांगीच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. कसं करायचं ते तिने सकाळीच काकूंकडून शिकून घेतलं होतं. चिखलाच्या बुटांतच तिने तुकडा घरावरून ओवाळला, डावीकडे उजवीकडे टाकला आणि चाकांवर पाणी घातलं. मग सासूकडे वळून जरा लाजत म्हणाली, "या, आई."

दुपारपर्यंत घर ठोकळ्यांवर बसलं. पायऱ्या लागल्या. देवांची टोपली छातीशी धरून पद्मजाबाई चढल्या आणि दार उघडून उंबऱ्यातच थांबल्या.

गोपद्मं होती. रस्त्याच्या हिसक्यांनी कडेची तीन-चार पुसट झाली होती, एक-दोन दाराच्या दिशेने लांबली होती. बाकीची सकाळी काढली तशीच, देवघरापासून उंबऱ्याकडे ओळीने.

"पुसली का हो आई?" खालून गौरांगीने विचारलं.

पद्मजाबाई उंबऱ्यातून वळल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "चालून आलीत."